मोह, मळी आणि मोटार : भिवंडीच्या वाटेवरचा मद्यार्क

इथेनॉल या नावाने आज पेट्रोलपंपावर ओळखला जाणारा द्रव आणि मोहाच्या दारूत ज्याच्यामुळे झिंग येते तो द्रव हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच होत. मराठीत त्याला मद्यार्क असा जुना शब्द आहे, आणि तो पिण्याच्या पेल्यात जातो की मोटारीच्या टाकीत हे ठरते ते काही अंशी त्यातील पाण्याच्या प्रमाणावरून, आणि त्याहून कितीतरी अधिक कायद्यावरून. महाराष्ट्रात या द्रवाच्या इतिहासाचा बराचसा भाग अबकारी खात्याच्या, म्हणजे दारूवरील कर गोळा करणाऱ्या खात्याच्या, दप्तरात लिहिला गेला. इंजिनाच्या गरजेचा विचार त्यात फार उशिरा आला. भिवंडी तालुका या इतिहासाकडे पाहण्यास विशेष सोयीचा आहे, कारण ज्या डोंगरपट्ट्यात मोहाचे फूल जवळ बाळगण्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्बंध आले, त्याच पट्ट्याच्या पायथ्याने मुंबई-आग्रा रस्ता जातो आणि त्या रस्त्यावरचे पंप आज पाचवा हिस्सा मद्यार्क असलेले पेट्रोल विकतात.

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात, परंतु तालुक्याचा उत्तरेकडील भाग वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूने तानसा खोऱ्यातील आणि वाडा-शहापूरकडील जंगलाला भिडतो. या जंगलात राहणाऱ्या कातकरी, वारली, ठाकूर आणि मल्हार कोळी कुटुंबांच्या दृष्टीने मोह हे दारूचे झाड नव्हते, किंवा निदान केवळ दारूचे नव्हते. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या सुमारास गळणारी त्याची मांसल, फिकट फुले वेचून उन्हात वाळवली जात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग साखरेचाच असल्याने घरातील धान्य संपत आले की ती शिजवून किंवा भाजून खाल्ली जात. पुढे त्याच झाडाच्या बियांपासून तेल काढले जाई. दारू हा या अनेक उपयोगांपैकी एक होता, आणि तीही लग्न, पूजा, मृत्यू अशा प्रसंगांशी बांधलेली होती.

दारू गाळण्याची घरगुती रीत साधी होती. फुले काही दिवस पाण्यात भिजत ठेवून आंबवली जात, मग ते आंबवण मातीच्या मडक्यात घालून चुलीवर चढवले जाई, मडक्याच्या तोंडावर दुसरे भांडे बसवून सांधे चिखलाने लिंपले जात आणि वरच्या भांड्यातील थंड पाण्यामुळे वाफेचे थेंब होऊन ते बांबूच्या नळीवाटे बाहेर पडत. या कृतीचे तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना, म्हणून आंबवण बेताच्या आचेवर ठेवले की आधी निघणारी वाफ मद्यार्काने समृद्ध असते. साखर कारखान्याच्या शेजारी उभा असलेला आसवनीचा, म्हणजे मद्यार्क गाळण्याच्या कारखान्याचा, उंच मनोरा याच तत्त्वावर चालतो. फरक असा की चुलीवर एकदा होणारे काम तेथे एकावर एक रचलेल्या तबकड्यांवर अनेकवार होते.

ही रीत सरकारच्या लेखी गुन्हा ठरली ती करामुळे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती एकवटला, गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मोजक्या, सरकारी देखरेखीखालील भट्ट्यांत दारू तयार व्हावी असे धोरण ठरले आणि अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांनी ते कठोरपणे राबवले. मुंबई शहराला लागणारी मोहाची दारू उरण येथील भट्ट्यांत गाळली जाई. त्या बहुतेक पारशी व्यावसायिकांच्या होत्या आणि त्यांना लागणारी फुले गुजरातेतील पंचमहाल आदी भागांतून आणली जात. ठाणे जिल्ह्यातील आदिवासीच्या दारात मोहाचे झाड उभे असताना त्याने कर भरलेली महाग दारू दुकानातून विकत घ्यावी, असा या व्यवस्थेचा अर्थ होता, आणि तो अर्थ आदिवासीने सहजासहजी स्वीकारला नाही. भट्टी लपवता येत होती, मडके फोडून टाकता येत होते; पकडता येण्याजोगी वस्तू एकच उरली होती, ती म्हणजे फूल. म्हणून १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत फुलांचा साठा, विक्री आणि वाहतूक यांवर बंधने घातली. अन्न म्हणून वेचलेल्या फुलावर संशयित कच्चा माल म्हणून नजर ठेवण्याची ही पद्धत पुढील सव्वाशे वर्षे या ना त्या रूपात टिकली. ठाण्याच्या आदिवासी समाजाचा अभ्यास करणाऱ्या इंद्रा मुन्शी यांनी दारूच्या या वसाहतकालीन इतिहासाची तपशीलवार मांडणी केली आहे, आणि नैतिकतेच्या भाषेआड महसूल कसा उभा होता हे त्यातून दिसते.

इंधन म्हणून मद्यार्काचा विचार जगात याच काळात होत होता आणि तेथेही वाट कराने अडवली होती. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात मद्यार्कावर बसवलेला जबर कर १९०६ मध्ये औद्योगिक वापरापुरता उठवण्यात आला तेव्हा तो दिव्यात आणि इंजिनात वापरण्याची वाट मोकळी झाली. पण त्यासाठी त्यात विषारी किंवा घाण चवीचे पदार्थ मिसळून तो पिण्यास अयोग्य करण्याची अट होती. यालाच विकृतीकरण म्हणतात, आणि रंगाऱ्याच्या दुकानात मिळणारे निळसर किंवा जांभळट स्पिरिट हे त्याचेच उदाहरण होय. इंधनाला दारूपासून वेगळे करण्याची ही युक्ती इंजिनासाठी नव्हे, कर वाचवण्यासाठी शोधली गेली, हे विसरता कामा नये.

भारतात मोटारीच्या मद्यार्काचा, त्या काळच्या शब्दांत ‘पॉवर अल्कोहोल’चा, विषय निघाला तो मळीमुळे. मळी म्हणजे उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारा काळपट, चिकट पाक. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने आयात साखरेवर जबर शुल्क बसताच देशभर कारखाने उभे राहिले; महाराष्ट्रात बेलापूर कंपनी आधीपासून होती, आता तिच्या जोडीला माळीनगर आणि वालचंदनगर येथील कारखाने आले. साखरेबरोबर मळीही वाढली, आणि तिला गिऱ्हाईक नव्हते. ती नदी-नाल्यात सोडली तर पाणी नासे आणि खड्ड्यात साठवली तर दुर्गंधी सुटे. म्हैसूर संस्थानात मंड्या येथे आणि संयुक्त प्रांत व बिहारमध्ये मळीपासून मोटारीचा मद्यार्क काढण्याचे प्रयत्न झाले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा त्या प्रयत्नांना निकड लाभली, तरी मुंबई इलाख्यातील रस्त्यांवर युद्धकाळाची ओळख राहिली ती मागे भट्टी बसवून कोळशाच्या वायूवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारींची.

स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ मध्ये, संसदेचे काम पाहणाऱ्या घटना समितीने भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा केला. केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या प्रदेशातील पेट्रोलमध्ये ५ ते २५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क मिसळणे सक्तीचे करू शकेल, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे आजच्या २० टक्क्यांच्या मिश्रणाला लागणारा कायदेशीर आधार देशाकडे त्याच वर्षी होता. मुंबई राज्याने मात्र पुढच्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा संमत केला. मद्यार्क तयार करणे, बाळगणे, वाहून नेणे आणि विकणे यांपैकी प्रत्येक पायरीला परवाना आवश्यक ठरवणाऱ्या या कायद्याच्या कक्षेत मळी आणि मोहफुले हा कच्चा मालही आला. एकाच द्रवाकडे दिल्लीने इंधन म्हणून आणि मुंबईने व्यसन म्हणून पाहिले, आणि दोघांच्या पाहण्यात सुमारे वर्षभराचेच अंतर होते. १८९२ चे फूल आणि १९४९ ची मळी यांवरचा पहारा मात्र एकाच जातीचा होता.

यानंतरच्या चार दशकांत सहकारी साखर कारखानदारी वाढली. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेल्या वाटेने पश्चिम महाराष्ट्रात धुराडी उभी राहत गेली. अनेक कारखान्यांच्या आवारात आसवन्याही आल्या. परंतु त्यातून निघणारा मद्यार्क रसायन उद्योगाकडे आणि, दारूबंदी सैल होत गेली तसतसा, मद्य उद्योगाकडे गेला. १९६१ च्या मळी नियंत्रण आदेशाने मळीचे वाटप सरकारच्या हाती आले, आणि ही नियंत्रणे १९९३ मध्ये उठेपर्यंत कारखान्याला स्वतःची मळी कोणाला द्यायची हे ठरवण्याची मोकळीक नव्हती. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५ मध्ये राष्ट्रीय मद्यार्क कार्यक्रम हाती घेतला, १९७९ मध्ये केवळ मद्यार्कावर चालणारी फियाट १४७ तेथे बाजारात आली. तेच संकट सोसणाऱ्या महाराष्ट्रात मात्र ऊस असूनही तसे काही घडले नाही. याचे एक कारण परवान्यांची उतरंड हे होय, आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे, असे की मद्याच्या एका लिटरमागे राज्याच्या तिजोरीत जे पडते ते इंधनाच्या एका लिटरमागे पडत नाही.

अपवाद म्हणून सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा उल्लेख केला पाहिजे. १९८० च्या दशकापासून तेथे गोड ज्वारीच्या ताटातील रसापासून मद्यार्क काढणे, तो सौर उष्णतेच्या मदतीने ऊर्ध्वपातित करणे आणि पुढे निम्म्याच्या आसपास पाणी असलेल्या मद्यार्कावर चालणारी शेगडी व कंदील बनवणे, असे काम अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. घरात साठवलेला मद्यार्क हा अबकारी कायद्याच्या नजरेत दारूच असल्याने या शेगडीची वाट तंत्रापेक्षा परवान्यापाशी अधिक अडली. याच दशकात पुण्यात स्थापन झालेल्या प्राज इंडस्ट्रीजने आसवनीचे तंत्र देशोदेशी विकले. यंत्र पुण्याचे आणि इंधन परक्या रस्त्यावर, अशी ती स्थिती होती.

१९४८ चा कायदा कधीच नीट वापरात आला नाही आणि २००० मध्ये तो रद्द करण्यात आला. त्यानंतर वर्षभरात, २००१ मध्ये, पेट्रोलमध्ये ५ टक्के मद्यार्क मिसळण्याचे तीन प्रायोगिक प्रकल्प देशात सुरू झाले आणि त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज व मनमाड येथे होते. तिसरा उत्तर प्रदेशात बरेली येथे. मनमाडजवळील पानेवाडीच्या तेल डेपोपर्यंत मुंबईच्या माहुल शुद्धीकरण कारखान्यातून नळाने पेट्रोल येते. मद्यार्क मात्र त्या नळातून येत नाही, कारण तो पाणी ओढून घेतो. लांब पल्ल्याच्या नळात कोठेतरी पाणी असतेच आणि ते त्यात उतरले की सारे मिश्रण बिघडते. म्हणून साखर कारखान्यातून टँकरने आलेला मद्यार्क डेपोतच, पेट्रोल पंपाकडे निघण्याच्या शेवटच्या टप्प्यावर मिसळला जातो. हा मद्यार्क निर्जल, म्हणजे साडेनव्याण्णव टक्क्यांहून अधिक शुद्ध असावा लागतो. साध्या उकळण्याने तो ९५-९६ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही, कारण त्या प्रमाणात मद्यार्क आणि पाणी एकत्रच उकळू लागतात. उरलेले पाणी बारीक छिद्रांच्या दाण्यांत शोषून घ्यावे लागते.

२००३ च्या जानेवारीपासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण लागू झाले, पण लगेच पडलेल्या दुष्काळाने ऊस घटला आणि पुढच्या वर्षी सक्ती सैल करावी लागली. २००६ मध्ये कार्यक्रम पुन्हा विस्तारला, तरी खरा वेग आला तो २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर, जेव्हा साखर पूर्ण काढण्याआधीची ‘बी-हेवी’ मळी आणि थेट उसाचा रस यांपासून मद्यार्क काढण्यास वाव आणि वेगळा दर मिळाला. एक टन साध्या मळीपासून सुमारे सव्वादोनशे लिटर, तर बी-हेवी मळीपासून सुमारे तीनशे लिटर मद्यार्क मिळतो, हा हिशेब कारखान्यांना पटला. पडून राहणारी साखर कमी होऊन उसाची बिले वेळेवर दिली जावीत हा त्यामागचा सरळ हेतू होता. २०२२ च्या जूनमध्ये देशाने सरासरी १० टक्के मिश्रण गाठले आणि २० टक्क्यांचे मूळ २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच पूर्ण झाले. उद्दिष्टाचा पाया किती भुसभुशीत होता हे मधेच एकदा दिसले : पाऊस कमी झाल्याने साखर टंचाईची भीती निर्माण होताच ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यास केंद्राने अचानक मनाई केली, आणि आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ती शिथिल केली. त्याच हंगामात मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा स्रोत बनला.

लवचीक इंधनाचे वाहन, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल यांच्या कोणत्याही मिश्रणावर चालू शकणारे वाहन, या कथेत शेवटी येते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला केवळ ९ किलो. म्हणून टाकीत काय आहे हे ओळखून इंधनाची फवारणी कमी-अधिक करणारी संगणकीय यंत्रणा आणि मद्यार्काने न सडणाऱ्या नळ्या व रबर, एवढे या वाहनाचे वेगळेपण. ब्राझीलमध्ये २००३ साली फोक्सवॅगन गोलने त्याची सुरुवात केली. भारतात लवचीक वाहनाआधी केवळ इथेनॉलवर चालणारी टीव्हीएस अपाचे ही दुचाकी जुलै २०१९ मध्ये आली आणि पहिल्या टप्प्यातील तीन राज्यांत महाराष्ट्र होता. परंतु तिच्यात भरायचे इथेनॉल मिळणारे पंपच नव्हते. ५ जून २०२१ रोजी पुण्यात तीन ठिकाणी असे प्रायोगिक पंप सुरू झाले, २०२२ मध्ये टोयोटाने लवचीक इंधनाची कोरोला प्रदर्शित केली आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर ‘इथेनॉल-१००’ विक्रीस आले. नाव शंभराचे असले तरी त्यात सुमारे ९३ टक्के इथेनॉल आणि उरलेले बहुतांश पेट्रोल असते.

भिवंडीला या साऱ्याचा स्पर्श कितपत होतो? मानकोली, काल्हेर, पूर्णा, सोनाळे भागातील गोदामांपुढे रांगेने उभे असलेले ट्रक डिझेलवर चालतात आणि डिझेलमध्ये इथेनॉल नीट मिसळत नाही, त्यामुळे शहराच्या मुख्य धंद्याचे इंधन या इतिहासाबाहेरच राहिले आहे. प्रश्न उरतो तो दुचाकी, रिक्षा आणि खासगी मोटारींचा. इथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशांच्या आसपास असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीला २० टक्के मिश्रणावर सरासरी ६ ते ७ टक्के, आणि तशाच दुचाकीला ३ ते ४ टक्के इतकी इंधन-कार्यक्षमतेतील घट सोसावी लागेल असे नमूद केले होते. मिश्रण तपासण्याची एक सोपी रीतही आहे. मोजपात्रात १०० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून ते हलवले व स्थिर ठेवले, की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जाते आणि तळाचा थर १० वरून सुमारे ३० पर्यंत चढलेला दिसतो. खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपू नये म्हणून पंपचालकाला जी दक्षता घ्यावी लागते तिचे कारण या मोजपात्रात डोळ्यांनी पाहता येते. ब्राझीलच्या थंड दक्षिणेत पहाटे इंजिन सुरू होण्यासाठी जुन्या मद्यार्क-मोटारींना पेट्रोलची वेगळी छोटी टाकी लागे. भिवंडीच्या हवेत ती अडचण येण्याचा संभव नाही, एवढे समाधान आहे.

ग्राहकाला निवड मात्र नाही. लवचीक वाहनाची कल्पना मालकाने दरफलकाकडे पाहून आज काय भरायचे ते ठरवावे या गृहीतावर उभी आहे. येथे सामान्य पंपावर पेट्रोल या नावाने मिळते ते २० टक्क्यांचेच. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्याआधी, २३ ऑक्टोबर २०२४ रोजी, त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखाली आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की राज्यघटनेतील ‘मादक मद्य’ या शब्दात औद्योगिक मद्यार्कही येतो आणि त्याचे नियमन हा राज्यांचा अधिकार आहे. अबकारी दप्तराचा हक्क असा पुन्हा मान्य झाला.

मोहफुलांवरची बंधने महाराष्ट्र शासनाने मे २०२१ मध्ये उठवली. फुले वेचणे, साठवणे आणि वाहून नेणे यासाठी आदिवासींना परवाना घेण्याची गरज उरली नाही. पुढच्याच महिन्यात पुण्यातील तीन पंपांवर इथेनॉल सुरू झाले. गणेशपुरीच्या बाजूला चैत्रात वाळत घातलेल्या फुलांतून जो मद्यार्क निघतो तोच त्या पंपांतूनही निघतो, परंतु फुलांपासून तो गाळण्यास आजही परवाना लागतो.